१३ ते २० मार्च: किनाऱ्यावर चटका, घाटावर गारा? या आठवड्याचं आभाळ

वातकुक्कुट (कोथरूड) | सोम, १३ मार्च २०२३, सकाळी ७:४०

नेहमीचा सोमवारचा धागा. नव्या लोकांसाठी पुन्हा सांगतो, मी हवामानशास्त्रज्ञ नाही. गच्चीवर एक पर्जन्यमापक आणि पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक, एवढीच माझी वेधशाळा. खरी वेधशाळा शिवाजीनगरला. तिला रिक्षावाले अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि नाव मागे चिकटलं. त्यांचं पत्रक आणि उपग्रहाची चित्रं बघून जे कळतं ते इथे मांडतो. चुकलं तर शिव्या मला द्या, त्यांना नको.

आधी किनारा. काल सांताक्रूझचा पारा ३९ च्या वर गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात! जमिनीवरून येणारं पूर्वेचं कोरडं वारं जोरात आहे, ते समुद्राच्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. एरवी अकराच्या सुमाराला सुटणारा खारा वारा एक-दोन वाजेपर्यंत अडून राहतो आणि तेवढ्या वेळात पारा चढून बसतो. किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ ला पोचलं आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेलं की उष्णतेच्या लाटेत धरतात. घाटावर हाच आकडा ४० आहे. शिवाय एका ठाण्यावर एक दिवस तापलं म्हणून लाट होत नाही, निदान दोन ठाण्यांवर सलग दोन दिवस लागतात. आज-उद्या हा चटका राहील, मग उतरेल.

आता मुद्द्याचं. बुधवार (१५) ते शनिवार (१८) मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात मेघगर्जनेसह पाऊस, आणि तुरळक ठिकाणी गारपीट. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून सरकत येणारी वादळी हवा) येतोय, त्याच्यामुळे वरच्या थरात थंड कोरडी हवा असणार. खाली आपली जमीन तापलेली. त्यात बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे येऊन राज्यावर एकमेकांना भिडणार. खाली गरम ओलं, वर गार कोरडं: दुपारी तीननंतर ढग उभे वाढायला एवढं पुरतं. बारा-बारा किलोमीटर उंच जातात, आणि गारा तिथेच वळल्या जातात.

एक विनंती. "तुरळक ठिकाणी" हे शब्द नीट वाचा. तुरळक म्हणजे बारीक पाऊस नव्हे. त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, असा त्याचा अर्थ आहे. निम्म्यापर्यंत "काही ठिकाणी", पाऊण हिश्शापर्यंत "बऱ्याच ठिकाणी", त्यापुढे "बहुतेक ठिकाणी". तुरळक ठिकाणच्या पावसात घराचे पत्रेही उडतात, फक्त शेजारच्या गावात ऊन असतं. बातमीत "ठिकाणी" गळतं आणि "तुरळक पाऊस" उरतो, मग लोक निर्धास्त झोपतात.

आपापल्या गावचं आभाळ लिहा. फोटो टाकताना ढगाची दिशा आणि वेळ लिहायला विसरू नका, मागच्या खेपेला सगळे नुसतेच काळे ढग होते.

---

मतलई (रत्नागिरीजवळ) | सोम, १३ मार्च, सकाळी ९:१५

खारा वारा अडतो हे अगदी बरोबर. पहाटेचा मतलई वारा आमच्याकडे साडेआठ-नऊला पडतो, मग वाऱ्याचा टिपूस नाही असा तासभर, मग समुद्रावरून झुळूक. चार दिवस ती झुळूक जेवणं आटपल्यावर येते आहे. बागेत उभं राहवत नाही.

आंब्याचं सांगते. पहिल्या मोहोराचं फळ तयार होत आलंय, दुसऱ्याची कैरी सुपारीएवढी. चटक्यात दुसऱ्याची गळ सुरू झाली. काल एका कलमाखाली मोजल्या, १४० कैऱ्या. आणि मोठ्या फळांची पश्चिमेकडची बाजू भाजते आहे, उकडलेल्या बटाट्यासारखा पिवळा चट्टा पडतो. ज्यांनी फळं गोटीएवढी असताना कागदी पिशव्या घातल्या (दापोलीच्या विद्यापीठाची शिफारस आहे) त्यांची वाचली. मी निम्म्याच झाडांना घातल्या, माणसं मिळेनात.

प्रश्न: मळभ येणार का? पाऊस परवडला, पण चार दिवस नुसतं मळभ आलं तर तुडतुड्यांची कीड आणि करपा रोग.

---

वातकुक्कुट | सोम, १३ मार्च, सकाळी १०:०२

@मतलई, बुधवारनंतर दुपारी ढगाळ राहील असं दिसतंय. दक्षिण कोकणात पावसाची शक्यता उत्तर महाराष्ट्रापेक्षा कमी, पण मळभ टळेलसं वाटत नाही. सॉरी.

---

लोकलची_चौथी_सीट (ठाणे) | सोम, १३ मार्च, सकाळी १०:४०

आमच्या मोबाइलवर ४२ दाखवतोय आणि तुम्ही ३९ म्हणताय. सरकारी आकडे नेहमी कमी कसे?

---

वातकुक्कुट | सोम, १३ मार्च, सकाळी ११:१०

मोबाइलवर "जाणवणारं" तापमानही असतं, घामाचा हिशेब धरून; तुम्ही तेच वाचलं असेल. गाडीतला आकडा तर डांबराचा. वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, खाली माती-गवत. तुम्ही चौथ्या सीटवर बसून जे सोसता ते ४२ असेलही, नाही म्हणत नाही.

जाता जाता, यंदाचा फेब्रुवारी देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण होता (सरासरी कमाल तापमान धरून), आणि गेल्या वर्षी मार्चने तोच विक्रम केला होता. तेव्हा चौथी सीट पुढेही तापणारच.

---

पातीचा_कांदा (निफाड तालुका) | सोम, १३ मार्च, दुपारी १:२५

वाचतो नेहमी, लिहितो पहिल्यांदा. सरळ विचारतो. दीड एकर कांदा काढणीला आला. पाणी तोडून बारा दिवस झाले, पात पडली. मजुरांची टोळी फक्त बुधवार-गुरुवार मोकळी आहे, त्यानंतर दहा दिवस दुसरीकडं बोली झाली त्यांची. बुधवारी काढला तर पातीसह तीन-चार दिवस वावरात सुकायला पडणार, आणि नेमका तेव्हाच तुमचा पाऊस. नाही काढला तर टोळी गेली, आणि जमिनीत असताना पाऊस लागला तर टिकायचा नाही, कांदाचाळीत भरून उपयोग नाही.

भाव काय सांगू, लाल कांदा सहा-सातशे क्विंटल. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला पट्टी कापून दोन रुपयांचा चेक मिळाला ते सगळ्यांनी वाचलंच. काढू का नको?

---

वातकुक्कुट | सोम, १३ मार्च, दुपारी ३:५०

दोन तास विचार करत होतो काय लिहावं.

नाशिक जिल्ह्याला पाऊस होईल याची मला बऱ्यापैकी खात्री वाटते. तुमच्या वावरात होईल का, हे मीच काय, आज कोणीच सांगू शकत नाही. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो, तासाभरात वाढून विरून जातो. तो कुठे उभा राहणार ते आदल्या दिवशीही ठरलेलं नसतं. वर आला की रडारवर दिसतो, मग दोन-तीन तास आधी सांगता येतं. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा त्यासाठीच असतो.

माझं वावर असतं तर काय केलं असतं, एवढंच सांगतो. निम्मा काढला असता, जेवढा माझ्याकडच्या ताडपत्रीखाली मावेल तेवढाच. पण माझं वावर नाही आणि टोळीची मजुरी मला द्यायची नाही, हे धरून वाचा.

---

पातीचा_कांदा | सोम, १३ मार्च, दुपारी ४:३०

ताडपत्र्या तीन आहेत, एक फाटकी. बघतो.

---

सुडी_आणि_ठेचा (अकोट) | सोम, १३ मार्च, रात्री ९:०५

राजेहो, आमच्या इकडे हरभऱ्याच्या सुड्या (सोंगलेल्या पिकाचे ढीग) लागून हायेत, गहू सोंगायचा बाकी हाये, आन् हे आभाळ. मळणीयंत्रवाला म्हणते शुक्रवारी येतो. म्या म्हटलं शुक्रवारी तुले सुडी नाही, भिजके घुगऱ्या भेटतीन.

होळीचा धूर पश्चिमेले गेला होता. आमचा म्हातारा म्हणे पाणी चांगला हाये यंदा. आता अक्षय्य तृतीयेले भेंडवळची घटमांडणी पाण्याचं काय भाकीत सांगते ते पाहू. वातकुक्कुटभाऊ, तुमचा इश्वास हाये का धुरावर?

---

वातकुक्कुट | सोम, १३ मार्च, रात्री ९:४०

धूर त्या संध्याकाळचा वारा बरोबर सांगतो. चार महिन्यांनंतरचा कसा सांगणार? घटमांडणीवर बोलत नाही, मागच्या वर्षी त्यावर १८० प्रतिसाद झाले होते आणि एकही हवामानाचा नव्हता.

सुडीखाली विटा-लाकडं आहेत का? वरून झाकलं तरी खालून ओल चढते.

---

सुडी_आणि_ठेचा | सोम, १३ मार्च, रात्री १०:१२

पऱ्हाटीच्या काड्याइचा थर देल्ला हाये. इकडे काही शिकवू नका :)

---

नीरक्षीर (पुणे) | मंगळ, १४ मार्च, सकाळी ८:२०

दर वर्षी हेच. "शक्यता", "तुरळक", "काही ठिकाणी". पाऊस पडला तर आम्ही सांगितलं होतं, नाही पडला तर तुरळक होता. या भाषेत कोणी कधी चुकूच शकत नाही. पंचांगवाला निदान नक्षत्राचं वाहन तरी सांगतो, बेडूक असेल तर बेडूक.

---

वातकुक्कुट | मंगळ, १४ मार्च, सकाळी ९:००

@नीरक्षीर, चुकू शकते. "तुरळक ठिकाणी" म्हटलं आणि पाऊण केंद्रांवर पाऊस झाला तर अंदाज चुकला. "काही ठिकाणी" म्हटलं आणि सगळीकडे कोरडं राहिलं तरी चुकला. खातं हा हिशेब ठेवतं, तुम्हीही ठेवू शकता. बेडकाचा हिशेब कोण ठेवतं?

इशाऱ्याच्या रंगांचंही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पिवळ्यात पाऊस आला नाही म्हणून फसवलं म्हणायचं नसतं. पण एक कबूल: अख्ख्या जिल्ह्याला एक रंग देणं नाशिकसारख्या जिल्ह्यात फार ढोबळ आहे. इगतपुरी आणि येवला एका रंगात? सुरगाण्याला आणि सिन्नरला एकच इशारा मिळाला तर माणूस काय समजणार?

---

डिपिंग_ऑइल (तासगाव) | मंगळ, १४ मार्च, दुपारी १२:१५

आमच्याकडचं कुणी इचारंना म्हणून स्वतःच लिवतो. बेदाण्याचा सीझन भरात हाय. शेडवर सध्या माझं नऊ टन द्राक्ष रॅकवर हाय, काही सहा दिवसांचं, काही परवाचं. शहरातल्या लोकांना वाटतं शेड हाय, छप्पर हाय, पाऊस आला तर काय बिघडतंय. बिघडतंय ते हवेनं. पोटॅशियम कार्बोनेट आन् डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढला की मण्यावरची मेणासारखी साय सुटती, आन् पंधरा-अठरा दिवसांत मणी वाळतो. कोरडं वारं पाहिजे, बास. हवा दमट झाली की वाळायचं थांबतंय आन् मणी काळा पडाय लागतोय. हिरवा आन् पिवळा बेदाणा ह्यो धंदा, काळ्याला कोण इचारत न्हाई. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, म्हणजे एक किलो काळा पडला तर चार किलो द्राक्ष पाण्यात गेलं.

तवा मला पाऊस नको, मिलिमीटर नको. हवेतला दमटपणा किती दिवस ते सांगा.

---

वातकुक्कुट | मंगळ, १४ मार्च, दुपारी १:३०

हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवावा असा.

सांगली-मिरज पट्ट्यात गुरुवार ते रविवार दुपारनंतर दमट आणि ढगाळ राहण्याची शक्यता, सकाळी जरा कोरडं. सोमवारपासून सुधारणा. परवाच्या मालाचं अवघड दिसतंय, सहा दिवसांच्या मालाला सकाळचं वारं मिळालं तर निभेल.

---

डिपिंग_ऑइल | मंगळ, १४ मार्च, दुपारी १:४५

सकाळी पडदे वर, दुपारी खाली, रात्री गंधकाची धुरी. चार दिवस झोप न्हाई म्हणा की.

---

गारगोटी (सिन्नर) | मंगळ, १४ मार्च, रात्री ८:१०

२०१४ आठवतंय का कुणाला? फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट थांबली नाही. आमच्या अंगणात दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा गारांचा ढीग वितळला नव्हता, बायका घमेल्यानं भरून बाहेर टाकत होत्या. डाळिंबाच्या बागेत फळ सोडाच, खोडाची साल सोलली गेली होती. वडील बांधावर बसून राहिले, जेवायला येईनात. तेव्हापासून मार्चमध्ये आभाळ गरजलं की घरात कोणी बोलत नाही.

---

दक्षता (धागा-व्यवस्थापक) | बुध, १५ मार्च, सकाळी १०:००

कांद्याचं अनुदान, नाशिकहून मुंबईला निघालेला मोर्चा आणि जुन्या पेन्शनचा संप या विषयांवरचे २३ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. विषय महत्त्वाचे आहेत, पण इथे ढगांबद्दल बोलू या.

---

पातीचा_कांदा | बुध, १५ मार्च, रात्री ८:३५

पाऊण एकर काढला. निम्मा. टोळीचा मुकादम म्हणाला, अर्धंच काढायचं तर उद्या येत नाही, दिवस भरत नाही. त्याला उद्याचे पैसे कबूल केले आणि उद्या बांध साफ करायला लावतो.

दुपारी चारला पश्चिमेला, वणीच्या बाजूनं, फुलकोबीसारखे ढग वर आले. सहाला त्यांचा वरचा भाग ऐरणीसारखा पसरला. गार वारं सुटलं, मातीचा वास आला. पाऊस दहा मिनिटं, मोठे थेंब. ताडपत्र्या टाकल्या होत्या. फाटकीवर खताच्या गोण्या अंथरल्या.

---

वातकुक्कुट | बुध, १५ मार्च, रात्री ९:०५

ऐरण बरोबर ओळखलीत. ढग वाढत जाऊन वातावरणाच्या त्या थराला टेकतो जिथून वर जाता येत नाही, मग आडवा पसरतो. ऐरण दिसली की वीज आणि गारा दोन्ही गृहीत धरा. वावरात असाल तर झाडाखाली थांबू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनानं भागा, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या छपराखाली. दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं केलेलं, ते जवळपासची वीज दाखवतं. मेंढपाळांच्या मोबाइलवर कोणीतरी घालून द्या.

एक काम सांगू? सरळ कडांचा, वरखाली सारख्या तोंडाचा एखादा डबा उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. अंदाज बरोबर होता की चूक, ते मग आपल्या दोघांनाही कळेल.

---

सुडी_आणि_ठेचा | शुक्र, १७ मार्च, सकाळी ७:३०

रात्री आला. वारा असा की टीनं वाजत होते. गारा बोराएवढ्या, पाच-सात मिनिटं. सुडी वाचली, गहू आडवा झाला. सोंगाले आता दुप्पट मजुरी लागते, अन् दाणा पांढरा पडते ते वेगळं. मोर्शीकडच्या पाव्हण्याचा फोन होता, संत्र्याच्या आंबिया बहाराची गोटीएवढी फळं खाली पडली म्हणे.

---

नीरक्षीर | शुक्र, १७ मार्च, सकाळी ९:१०

पुण्यात काल संध्याकाळी कर्वे रस्त्यावर धो धो आणि माझ्या घरी, दीड किलोमीटरवर, गॅलरीतल्या रोपांना पाणी घालावं लागलं. तुरळक म्हणजे काय ते कळलं. बेडूक मागे घेतो.

---

मतलई | शुक्र, १७ मार्च, दुपारी २:००

पाऊस नाही. मळभ, कालपासून. गदमदतंय नुसतं. मोहोरावर तुडतुड्यांची चिकटी दिसू लागली, पानं चकचकतात. आज फवारणी करू म्हटलं तर फवारणीवाला म्हणे पाऊस येईल, औषध धुऊन जाईल. पाऊस येईल म्हणून फवारणी नाही आणि पाऊसही नाही.

---

डिपिंग_ऑइल | शनि, १८ मार्च, सकाळी ६:५०

मंगळवारी परवाचं म्हणलेल्या मालाचा रंग गेला. चॉकलेटी. आधीचा बरा हाय. पहाटे पाचला पडदे वर केले तवा वारं चांगलं होतं.

---

पातीचा_कांदा | शनि, १८ मार्च, रात्री १०:२०

आज दुपारी साडेचारला. आमच्याकडं सडा पडावा तसा पाऊस. काढलेला ताडपत्रीखाली, जमिनीतला जमिनीत. काही झालं नाही.

चार किलोमीटरवर मेहुण्याची द्राक्षबाग. थॉमसन जातीची, माल तयार, सोमवारी तोडा होता, व्यापाऱ्याशी व्यवहार ठरला होता. तिथं गारा पडल्या, बारा मिनिटं. मी पोचलो तेव्हा ओळींच्या मधे गारा आणि मणी एकत्र पडले होते, पांढरं आणि हिरवं. जे घड वर राहिले त्यांचे मणी तडकलेले, हात लावला की रस गळतो. माश्या आल्या होत्या लगेच. व्यापाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, किती टक्के.

माझ्या वावरातून तो ढग दिसत होता. दक्षिणेला होता. मी फोटो काढून इथं टाकणार होतो, दिशा आणि वेळ लिहून.

---

गारगोटी | शनि, १८ मार्च, रात्री १०:४५

आजची रात्र मेहुण्याजवळ कोणीतरी असू द्या. आणि फोटो काढून ठेवा, घडांचे, ओळींचे, गारा विरघळायच्या आत. मापाला शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. संप आहे, पंचनाम्याला कोणी कधी येईल सांगता येत नाही. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दाखवावं लागतं, आणि चार दिवसांनी तडकलेला मणी सडून जातो, मग दाखवायचं काय?

---

वातकुक्कुट | रवि, १९ मार्च, सकाळी ९:३०

@पातीचा_कांदा, काल रात्री वाचलं, काय लिहावं सुचलं नाही. अजूनही नाही.

गेल्या चार दिवसांचा ताळा देतो, कारण हिशेब ठेवावा असं मीच म्हणालो होतो. गारपिटीचा पट्टा आणि दिवस बरोबर. दक्षिण कोकणचं मळभ बरोबर. माझ्या पर्जन्यमापकात चार दिवसांत मिळून ६ मिमी, कर्वे रस्त्याच्या बाजूला त्याहून बरंच जास्त असणार. मोबाइलवर नाशिक जिल्ह्याला पिवळा रंग होता. तुमच्या वावराला तो जास्त झाला, मेहुण्याच्या बागेला कमी पडला. त्याला मी बरोबर म्हणू की चूक, मला ठरवता येत नाही.

---

लोकलची_चौथी_सीट | मंगळ, २१ मार्च, सकाळी ८:१५

साहेब, तुमच्या धाग्याची मुदत काल संपली आणि आज पहाटेपासून मुंबई-ठाण्यात पाऊस. मार्चमध्ये! प्लॅटफॉर्मवर सगळे वृत्तपत्र डोक्यावर धरून. छत्री माळ्यावर आहे, तिच्यापर्यंत पोचायला चार डबे खाली काढावे लागतात. किनाऱ्याला फक्त चटका लिहिला होता ना?

---

वातकुक्कुट | मंगळ, २१ मार्च, सकाळी ८:५०

लिहिला होता. "मग उतरेल" असंही लिहिलं होतं, पण इतका उतरेल हे मला दिसलं नव्हतं. हा माझा चुकला. उद्या पाडव्याला सकाळी बऱ्याच भागांत ऊन असेल असं वाटतंय. गुढीचं रेशमी वस्त्र दुपारी तीनच्या आत उतरवलेलं बरं, विदर्भात तर नक्की.

---

डिपिंग_ऑइल | मंगळ, २१ मार्च, दुपारी १:००

कालपासून वारं कोरडं सुटलंय. सहा टन वाचला, तीन टन चॉकलेटी. चॉकलेटी घेणारा एक भेटला, दर इचारू नका.

---

पातीचा_कांदा | मंगळ, २१ मार्च, रात्री ९:१५

मेहुण्याकडचा तोडा झाला नाही. बाग पुढच्या वर्षी तरी यावी म्हणून आता सगळे घड काढून टाकतोय, चार माणसं लावली. संप मिटला, पंचनामा करतील.

कांदा पातीसह सुकला, मान कापून सावलीत नेला. राहिलेला पाऊण एकर घरचेच काढू, टोळी नाही.

डबा ठेवला होता. बुधवारचा ४ मिमी, शनिवारचा २. पत्र्याचा होता, तेलाचा, वरून कापलेला. पत्र्याचा चालतो का प्लास्टिकचाच पाहिजे?

---

वातकुक्कुट | मंगळ, २१ मार्च, रात्री ९:४०

पत्र्याचा चालतो. कापलेली कड सरळ असू द्या, आणि भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. उन्हात पाणी उडतं, म्हणून साडेआठ चुकवू नका. मेहुण्याच्या बांधावरही एक ठेवाल का?